उतारावर धडधडणारा ब्रेक

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा
रविवार, १६ नोव्हेंबर

सौ. जसोदाबाई हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. (शाळेत गुरुजींनी मामाला, मुख्याध्यापकांना आणि तहसीलदारांना पत्र कसं लिहायचं ते शिकवलं. बायकोला कसं लिहायचं ते वगळलं. त्यामुळे मायना चुकला असेल तर तहसीलदारांचा समजून घे.) इकडे मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? सातव्या मजल्यावर राहतेस, लिफ्ट बंद पडली तर जिन्याने उतरू नकोस, लिफ्ट चालू होईपर्यंत शेजारच्यांकडे बस. भूपेश, रूपाली आणि आपली सोनम यांना आशीर्वाद. सोनमला पाचवा दात आला असं कळलं. तिला माझा फोटो दाखवत जा, म्हणजे मी आल्यावर रडणार नाही.

घरात तीन फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोन भूपेश उचलतो आणि स्पीकरवर ठेवतो. रूपाली पोळ्या लाटता लाटता ऐकते. मग मी विचारतो, जेवलीस का? तू सांगतेस, जेवले. आठ महिन्यांत आपलं बोलणं याच्या पुढे सरकलेलं नाही. मला जे सांगायचं आहे ते सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नाही, म्हणून कारखान्याच्या निरोप समारंभात मिळालेलं पेन शोधून काढलं. त्याची शाई वाळली होती. हे शेजारच्या कौसाबाईंच्या नातवाच्या पेनने लिहितो आहे. (कौसाबाई बऱ्या आहेत. आपली म्हैस त्यांच्या गोठ्यात रमली आहे. मला ओळख दाखवत नाही.)

विषय आपल्या जीपचा. दिवाळीत मी चार दिवस सुरतेला आलो तेव्हा भूपेशने सगळ्यांसमोर मला विचारलं की, आप्पा, ती खटारा जीप विकून इकडेच का येत नाही? मी शब्द दिला की ब्रेकचा दोष सापडला आणि गाडी नीट झाली की विकतो आणि येतो. धडधडणारा ब्रेक दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं आपल्याला जमायचं नाही. सगळ्यांना ते पटलं. तू तेव्हा मेथी निवडत होतीस आणि तू मान वर केली नाहीस. त्या मान वर न करण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तर दोष सापडला आहे, आणि तो कसा सापडला ते आधी तुलाच कळलं पाहिजे.

दोष मोठा लबाड. तू मार्चमध्ये सोनमसाठी सुरतेला गेलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात मी एकटा तोरणमाळला गेलो. काम काहीच नव्हतं. आपण पंधरा दिवसांनी जायचो, तिथल्या जालमसिंगकडून आमचूर आणायचो, त्याची धनुबाई तुला चहा पाजायची आणि तुम्ही दोघी अर्ध्या पावरी बोलीत, अर्ध्या अहिराणीत तासभर काय बोलायच्या देव जाणे. रविवार आला आणि पाय आपोआप गाडीकडे वळला. धनुबाईने मला एकट्याला बघून आधी जीपच्या मागे वाकून पाहिलं, तू तिथे बसली आहेस की काय म्हणून. मला चहा मिळाला, पण घाईघाईचा. परत येताना घाट उतरून राणीपूरच्या पुढे आलो, एक बैलगाडी आडवी आली म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली उड्या मारायला लागलं. दाबावं तर ते वर ढकलतं, परत दाबावं तर परत वर. डॉक्टर मनगट धरतात तेव्हा नाडी लागते ना, तशी नाडी मला तळपायाला लागली. जीप थांबली, पण मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी शहाद्याला नथ्थू मिस्तरीकडे गेलो. हा नथ्थू म्हणजे आपल्या जीपचे डोहाळे, बाळंतपण, गोवर, कांजिण्या सगळं पाहिलेला माणूस. त्याने गाडी लोणखेड्यापर्यंत नेऊन आणली, वीस वेळा ब्रेक दाबला, पेडल लोण्यासारखं. मी शेजारी बसून पेडलला मनातल्या मनात विनवत होतो की, बाबा, एकदा तरी उडी मार, माझी इज्जत जाते आहे. नाही म्हणजे नाही. तरी त्याने ब्रेक ऑइल बदललं, नळीतली हवा काढली. पुढच्या रविवारी मी पुन्हा तोरणमाळला गेलो (पुन्हा काम नव्हतं) आणि येताना पुन्हा तेच.

मग व्हील बेअरिंग झालं. मग ब्रेकचे लायनर झाले. मग चारी चाकांतले ब्रेकचे ड्रम काढून लेथवर फिरवून आणले, कारण ड्रम अंडाकृती झाला की पेडल असं उड्या मारतं असं नथ्थूचं म्हणणं. प्रत्येक वेळी शहाद्यात गाडी शहाणी आणि तोरणमाळहून उतरताना वेडी. सोमवारी सकाळी मी तक्रार घेऊन हजर आणि गाडी साळसूद. जुलैत नथ्थूने पान्हा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "दादा, गाडीले काही व्हयेल नई. तुमना पायले वहम व्हयेल शे."

तू नव्हतीस, नाहीतर हसली असतीस. पण एकट्या माणसाला अशा गोष्टी खऱ्या वाटतात. मी डॉक्टरांकडे गेलो आणि उजवा पाय पुढे केला. त्यांनी विचारलं, काय होतं? म्हटलं, धडधडतं. कधी? ब्रेक दाबल्यावर. एरवी? एरवी नाही. डावा? डावा क्लचवर असतो, त्याची तक्रार नाही. त्यांनी ब्लड प्रेशर मोजलं, पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मीच. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. ती मी घेतली नाही.

खरं सांगू का, दिवाळीनंतर मला या दोषाचा आधार वाटायला लागला होता. तो सापडेपर्यंत गाडी विकायची नव्हती आणि गाडी होती तोवर इथलं घर मोडलं नव्हतं. मी दर रविवारी वर जात होतो ते तपासणीसाठी, असं कौसाबाईंना सांगायचो. त्या तोंडावर पदर धरून ऐकायच्या.

शेवटी गेल्या रविवारी नथ्थूने दुकान बंद ठेवलं आणि म्हणाला, चला, मी येतो, काय भूत शे ते पाहू. वर गेलो. धनुबाईने याही वेळी जीपच्या मागे वाकून पाहिलं. चहा घेतला आणि उतरायला लागलो. तू असायचीस त्या डाव्या सीटवर नथ्थू बसलेला, गुडघे डॅशबोर्डला टेकवून. सात पायरी घाटाच्या वळणांवर मी नेहमीसारखा तिसऱ्या गियरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून, अगदी बेताने, जपून उतरत होतो. तिसऱ्या वळणावर नथ्थू नाक वर करून वास घ्यायला लागला. चौथ्या वळणावर त्याने डॅशबोर्डवर हात आपटला आणि ओरडला, "दादा, पाय उचला!"

जसोदे, तुझेच शब्द, तुझाच घाट, वळणसुद्धा तेच. आणि मी काय केलं असेल? जे सव्वीस वर्षं करत आलो तेच. ब्रेकवरचा पाय काढला, चिडून गियर खाड्कन दुसरा टाकला आणि इंजिनाचा घुमारा उठवला. तू "पाय उचला" म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं की हिला घरी जायची घाई झाली, म्हशीच्या धारेची वेळ झाली, मी रमतगमत चाललो आहे म्हणून मला टोचते आहे. म्हणून मी रागाने गियर बदलायचो, गाडी गर्जायची आणि मला वाटायचं, घे, आता तरी समाधान झालं? तू गप्प बसायचीस. मी पुढचे पाच कोस तोंड फुगवून गाडी हाणायचो. (आपली निम्मी भांडणं राणीपूर ते म्हसावद या पट्ट्यात झाली आहेत. ती सगळी मी या पत्राने मागे घेतो.)

नथ्थू मात्र ओरडायचा थांबला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "हाई आस्सं! इतलं येस तुम्हले, मंग आठ महिना मन्हं डोकं काबर खादं?"

मला येतं ते काय आणि त्याचं डोकं मी का खाल्लं, मला काहीच कळेना. मग त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि चाकाजवळ हात नेऊन दाखवला. ड्रममधून भट्टीसारखी धग येत होती. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतो, फुगतो, गोल राहत नाही, आणि खाली येऊन ब्रेक दाबला की पेडल उड्या मारतं. रात्रभरात निवून परत जागेवर येतो, म्हणून सोमवारी काही सापडत नाही. उतरताना पाय ब्रेकवरून उचलायचा आणि खालच्या गियरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्यायची. आवाज वाढतो, वेग कमी होतो. म्हणजे मी रागाने जे करत होतो तेच बरोबर होतं आणि जपून जे करत होतो तेच चूक. आम्ही तासभर दगडावर बसलो, ड्रम निवू दिले, उरलेला घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. राणीपूरच्या पुढे ब्रेक दाबला. पेडल लोण्यासारखं.

नथ्थूने विचारलं, "कोणी शिकाडं तुम्हले?" आता त्याच्यापुढे तुझं नाव कसं घेणार? मी म्हटलं, भूपेशनी माय. तो म्हणाला, वहिनीला वास यायचा असेल, लायनर तापल्याचा. मी जन्मभर गाडी चालवली आणि मला तो वास कधी आला नाही. तू मला एकदाही का नाही सांगितलंस की पाय ब्रेकवरून उचला? बहुतेक सांगितलंही असशील, मी पूर्ण ऐकलं नसेल. गाडीचा आवाज फार व्हायचा, शिवाय माझा.

तर अशा रीतीने दोष सापडला. गाडी ठणठणीत आहे आणि दिलेल्या शब्दातून सुटायला मला वाट उरली नाही. तिथे तुला करमतं असं तू फोनवर सांगतेस. "मी आठे मजामा शे," असं म्हणतेस. मला इथे करमत नाही. घरात कुठलीही गोष्ट करताना मला वाटतं की मागून कोणीतरी काहीतरी सांगेल, आणि कोणी सांगत नाही. डाळ करपते तेव्हासुद्धा मला वास येत नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
उमाकांत

ता. क. - हे पत्र भूपेशला वाचायला देऊ नकोस. विचारलंच तर सांग, आप्पांनी आमचुराचा भाव कळवला.

ता. क. २ - पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कोरीटचे दलसिंग गाडी पाहायला आले. चालवून पाहिली, ब्रेक पसंत पडला. काही दोष आहे का विचारलं. मी म्हटलं, एकच, डाव्या सीटवर जाणतं माणूस बसलेलं असलं तरच नीट उतरते. ते हसले. मला वाटलं व्यवहार फिसकटला, पण ते म्हणाले, आमच्याकडे घाट कुठे आहे? गाडी त्यांना हवी आहे. मी २९ तारखेपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

ता. क. ३ - २९ तारखेला शनिवार आहे. सुरतेहून दुपारची आगगाडी नंदुरबारला येते तेव्हा मी जीप घेऊन स्टेशनवर उभा असेन. तुला तिथे खरोखरच बरं वाटत असेल तर येऊ नकोस, रागावणार नाही. आगगाडी तुझ्याविना आली तर तसाच कोरीटला जाईन, चावी दलसिंगांच्या हातात देईन आणि त्यांनाच स्टेशनवर सोडायला सांगून पुढच्या गाडीने सुरतेला येईन. आता ब्रेकचं निमित्त नाही आणि तुझ्याशिवाय मला आणखी एक रविवार काढायचा नाही. माझे दोन जोड कपडे जीपमध्येच ठेवले आहेत. तू उतरलीस तर ते घरी परत नेऊ.