जोडावरची फुंकर

१० जानेवारी १९७७, सोमवार
मोहोपाडा झकास! कँटीनचा चहा तर असा घट्ट की चमचा उभा राहील. माथेरानला दोन वर्षं घोडे धरले, आता कारखान्यात गॅसची बत्ती धरायची. पाइपातलं रसायन थंडीत मेणासारखं थिजतं, म्हणून पाइपाला गरम होणारी केबल गुंडाळलीय. बाहेर तांब्याची नळी, आत तार, मधे पांढरी पावडर. तार तुटलीय, ती बत्तीच्या ज्योतीवर चांदीची काडी वितळवून जोडायची. शनिवारपर्यंत जमलं तर कायम करतो, असं जयवंता मिस्त्री म्हणाले. मग आईला भिसेगावच्या परक्या ओसरीवरून इथं आणीन.

११ जानेवारी
जोड मस्त झाला. घोड्याच्या नालावर मारायचो तशी वर फुंकर मारली. मिस्त्री धावतच आले, “फुंकू नको रं! तोंडाची वाफ पिते ती पावडर!” तारेतली ओल तपासायच्या मेगरचं हँडल फिरवलं. काटा शून्यावर, म्हणजे आत ओल. कापा परत!

१२ जानेवारी
तोंडाला रुमाल बांधला. पावडर बत्तीनं सुकवली. तरी शून्य! मिस्त्री म्हणतात, फुंकलास. नाय म्हटलं, तर म्हणाले, शुक्रा पण असंच सांगायचा. कोण शुक्रा विचारलं, तर उठून चहाला गेले.

१३ जानेवारी
कँटीनच्या येसूबाईंनी सांगितलं. शुक्रा आधीचा कारागीर, त्यालाही फुंकायची खोड. याच जोडापाशी पाइप फुटला, रसायनाची वाफ त्याच्या छातीत गेली. शेवटपर्यंत हवा मागत होता म्हणे.
दुपारी बत्तीची ज्योत माझ्याकडे वाकली. वारा नव्हता. कानाशी कुणीतरी धापा टाकत होतं.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खिशातच. पाच जोड केले, पाचही ओले. प्रत्येकावर ओठांएवढा दमट डाग. वैताग आलाय! पळून जावं, पण आई—

१५ जानेवारी, शनिवार
शेवटचा जोड. श्वास रोखला. मनात म्हटलं, शुक्रा, माझ्या वाटणीची हवा घे, पण हा होऊ दे.
काटा वर! मिस्त्रींनी पाठ थोपटली. कायम!
श्वास सोडायला गेलो—
येत नाही. आतही जात नाही. कँटीनच्या आरशाला तोंड लावलं. काच कोरडी.
जोडाला कान लावला. आत कुणीतरी सावकाश, पोटभर श्वास घेतंय. माझाच—
मिस्त्री विचारतायत, बोलत का नाय रं. लिहून दाखवतो. बोलायला हवा ला—