न शिवलेली दुमड

रविवार, ८ मार्च

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, मशीनही बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण पायडल मारायला लागले की गप्प बसतात.

आता बातमी. आधी खाली बस. तुझी आई स्पॅनिश शिकते आहे! खालच्या मजल्यावरच्या दुभाषी बाई फिटिंगला आल्या की मी टाचण्या लावते आणि त्या शिकवतात. मी चुकले की त्या ओरडतात, त्या हलल्या की मी.

या आठवड्यात एकच क्रियापद, येवार. म्हणजे नेणं. पिशवी न्यायची, पोराला शाळेत न्यायचं. इथवर सोपं. मग बाई म्हणाल्या, "अंगात कोट असला तरी हेच."

"अहो, कपडा नेतात होय? घालतात!"

"काकू, तुम्ही शिवता आणि लोक अंगावर घेऊन हिंडतात. मग नेलाच ना?"

इतकं पटलं मला! त्याच दिवशी निळं लोकरी कापड काढलं आणि तुझ्या बायकोसाठी कोट बेतला. सोबत पाठवला आहे.

माप कुठून आणलं, असं विचारशील. लग्नाचा फोटो फाडला असं फोनवर म्हणाले होते, ते खोटं. तो मापांच्या वहीत आहे, तुझ्याच पानावर. तुझा खांदा मला पाठ, साडेसतरा. त्यावरून भिंग लावून तिचा काढला, साडेचौदा निघाला. चारदा मोजला. हसते छान.

किती काळ लोटला हे सांगायलाही येवारच लागतं. बाई म्हणाल्या, वाक्य करा. मी केलं, 'येवो सिंको आन्योस सिन बेर्ते.' पाच वर्षं तुला पाहिलं नाही. बाईंनी चूक काढली नाही. खाली वाकून टाचण्या वेचत बसल्या.

तिची भाषा येत नाही म्हणून लग्नाला आले नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. भाषेचं काही नव्हतं रे. तू मला न विचारता ठरवलंस, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

फोटो कमरेपर्यंतचाच आहे, त्यामुळे कोटाची उंची कळेना. खालची दुमड नुसती टाचली आहे. तिथे कुणाकडून शिवून घेऊ नका. माझ्या सुनेला कोट घालून माझ्यासमोर उभं राहावं लागेल, तेव्हाच ती शिवीन.

टाचण्या जपून.

सुई ओवून बसलेली,
तुम्हा दोघांची आई