साडूने खोडलेली एक ओळ

३ मार्च
साडूचं नाव लिनक्सच्या कर्नलमध्ये जाणार. सासूबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं. कर्नल म्हणजे त्या संगणक प्रणालीचा गाभा, हे त्यांना ठाऊक नाही, पण धाकटे जावई जगभर पोचले हे पक्कं ठाऊक आहे.
केलं काय? गाड्यांच्या आतल्या नेटवर्कच्या सॉकेट कोडमधली एक फालतू वॉर्निंग काढली. एक ओळ. तीही खोडली! लिहिली असती तर कौतुक केलं असतं. मी जळत नाही.

४ मार्च
ही वॉर्निंग माझ्या चांगल्या ओळखीची. ऑफिसात टेस्ट चालू असताना गाडीची केबल उपटली की लॉगभर, म्हणजे नोंदींच्या फायलीभर, बोंबलते. बिघडलेलं काहीच नसतं. मागे जेवताना मीच साडूपुढे तिच्या नावाने बोटं मोडली होती. लॉगही पाठवला. म्हणाला, बघतो दादा. बघितलं की!
त्याचा पॅच, म्हणजे त्या बदलाचा मसुदा, उघडला. त्याचं नाव दिसलं. बंद केला.

६ मार्च, दुपार
पण वॉर्निंग अनावश्यक, हे ठरवणारा हा कोण? कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्या जगासमोर, सविस्तर लिहिलं: वॉर्निंग अत्यावश्यक, काढणं हा निव्वळ बेजबाबदारपणा. हेतू पूर्णपणे तांत्रिक. बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, त्याने तुझं काय घोडं मारलंय? तिला सॉकेटमधलं काही कळत नाही.

७ मार्च
कोणाचं उत्तर नाही. गप्प केलं सगळ्यांना. रविवारी सासूबाईंकडे जेवायला जायचंय, तिथे विषय सहज काढायचा. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

८ मार्च, सकाळ
तो कोड सांभाळणाऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं. विचारतात, पॅचखाली 'दोष कळवणारा' म्हणून तुमचंच नाव आहे, लॉगही तुमचाच. मग तुमचं कोणतं म्हणणं खरं मानायचं?
पॅच शेवटपर्यंत वाचला. आहे. माझं नाव, आडनावासकट. साडूच्या नावाच्या वर.

संध्याकाळ
साडूचा फोन. म्हणाला, दादा, चुकलंच माझं, न विचारता तुमचं नाव घातलं. तुम्हाला पटलेलं नाही म्हणून ते काढून पॅच पुन्हा पाठवला. लगेच मंजूर झाला. रागावला नाहीत ना? मी म्हटलं, छे छे, राग कसला.

९ मार्च, रविवार
निळा शर्ट घातला. जेवताना सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, मोठे जावई, तुमचं नाव कधी येणार हो त्यात? साडूने ताटात मान घातली. मला ठसका लागला. पाणी त्यानेच उठून आणून दिलं.