बाबांची तिथी आणि दुसरा अदार

हार्लो, ओहायो
२६ जानेवारी १९८६
देवाची कृपा आहे.

ती. दादास हिंदाचा स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. विद्यापीठातल्या यहुदी अभ्यास विभागाची व्याख्यानं सुरू झाली की माझे आठवडे ओव्हनपुढे जातात. परवा जुन्या लग्नगाण्यांचा कार्यक्रम झाला. ऐकायला चौदा जण, केक मात्र चाळिसांचा संपला. मेंडल म्हणतो, इथलं सगळं यहुदीपण तुझ्या मधाच्या केकवर उभं आहे. नवराच तो, बोलणारच.

आता खरं ते लिहिते. माझ्या हातून चूक झाली आहे. बाबांच्या तिथीला, अदार महिन्याच्या नऊला, त्यांच्या नावाने कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हवेत, आणि आपल्या सिनेगॉगमध्ये अधल्यामधल्या वारी चारही येत नाहीत. म्हणून तर अकरा वर्षं प्रा. लिपशुट्झ माझ्या सांगण्यावरून मोठं व्याख्यान त्याच संध्याकाळी ठेवतात, आणि ते संपलं की त्याच खोलीत तू कद्दीश म्हणतोस. यंदा अधिक महिना, अदार दोन. आपल्या घरची रीत पहिल्याची. गेल्या खेपेला मी बरोबर सांगितलं होतं. या वेळी आपल्या यहुदी खाटकाने वाटलेल्या कॅलेंडरात मार्चच्या पानावर ‘नऊ अदार’ दिसलं आणि तेच कळवून बसले. पत्रकं छापून वाटलीसुद्धा. आपली तिथी सतरा फेब्रुवारीच्या संध्याकाळी लागते, आणि त्या दिवशी व्याख्यान नाही.

तू ये. माणसं मी जमवते.

तुझ्या मायेत काही उणं पडू देऊ नकोस.
हिंदा

क्लीव्हलँड
२ फेब्रुवारी

चि. हिंदास अ. उ. आ.

तू आणि कॅलेंडर चुकलीस? म्हणजे आता तुझंही वय झालं म्हणायचं.

येतो. पण ऐक. माझं खुब्याचं हाड आता तीन तासांची बस सोसत नाही. इथे माझ्या सिनेगॉगमध्ये रोज संध्याकाळी तीस माणसं असतात, आपलं आपलं कद्दीश होऊन जातं. बाबा जाताना म्हणाले होते, जोवर हार्लोत दहा मिळतात तोवर माझं कद्दीश हार्लोतच म्हणा. मी ते पाळलं. या वेळी दहा झाले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून मी इथेच म्हणेन, आणि तू हट्ट धरायचा नाहीस.

मेंडलला छातीला गरम कपडा बांधायला सांग.
तुझं बरं चिंतणारा,
झेलिग

हार्लो
२० फेब्रुवारी
देवाची कृपा आहे.

ती. दादास स. न. वि. वि.

नीट पोचलास ना? त्या बाकावर तू दीड तास कोट न काढता बसलास, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी बावीस जणांना फोन केले होते. दातांच्या डॉक्टरांना तर आधी दाढ दाखवली आणि मग विषय काढला. गणिताचे स्ट्राखर म्हणाले, बाई, मी देव मानत नाही. मी म्हटलं, मानायला कोण बोलावतंय, मोजायला बोलावतेय. हसले, आणि आले नाहीत. माणसं आकड्यांनी मोजू नयेत, म्हणून मेंडल दहा शब्दांचा श्लोक म्हणत मोजत होता, माणसामागे एक शब्द. नवव्या शब्दाला थांबला, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

एक विचारते. काही घरं दोन्ही अदारांत तिथी पाळतात. एकोणीस मार्चला व्याख्यान आहेच, आणि खोलीत माणसंही असतील. येशील?

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
हिंदा

क्लीव्हलँड
२ मार्च

चि. हिंदास अ. उ. आ.

दुसरा अदार आपला नाही. आजोबांनी पाळला नाही, बाबांनी पाळला नाही. माणसं सोयीने मिळतात म्हणून तिथी हलवायची, हे मला जमायचं नाही. मी दमलो आहे गं. आता पुरे.

तुझं बरं चिंतणारा,
झेलिग

हार्लो
२३ मार्च
देवाची कृपा आहे.

ती. दादास स. न. वि. वि.

मेंडल फ्लूने आडवा पडला आहे, म्हणून मी एकटीच गेले. शिकागोच्या एक बाई खेडोपाडी फिरणाऱ्या यहुदी फेरीवाल्यांवर बोलल्या. दोन तास आणि वर फोटो. मागची रांग झोपली होती. या देशात आल्यावर पहिली पाच वर्षं बाबा पाठीवर गाठोडं घेऊन याच रस्त्यांनी फिरले, पण ते कुठल्या फोटोत नव्हते.

टाळ्या झाल्या आणि सगळे केककडे वळले. मी टेबलापुढे उभी राहिले. म्हटलं, आधी बाबांचं कद्दीश, मग केक. लिपशुट्झनी प्रार्थनेच्या टोप्यांचा डबा फिरवला. मोजले तर बारा निघाले, त्यात स्ट्राखरही. तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी मी दाराकडे पाहत राहिले.

लिपशुट्झ म्हणाले, मी म्हणतो तुमच्या वडिलांसाठी. मी हो म्हटलं. त्यांनी पुस्तक उघडून पान शोधायला घेतलं. दादा, ते पान शोधत होते आणि मी म्हणू लागले होते. आपल्यात बायकांनी म्हणायचं नसतं, हे तुला सांगायला नको. पण अठरा वर्षं तुझ्यामागे उभी राहून ऐकत आले, मला पान लागलंच नाही. कुणी अडवलं नाही. सगळ्यांनी ठिकठिकाणी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने स्ट्राखर.

चार रात्री झोप नाही. तिथी चुकीची आणि म्हणणारीही चुकीची. तुमच्या रब्बींना विचारून कळव, मी काय केलं ते. जे सांगतील ते ऐकेन.

रागावलास तरी मला परकी करू नकोस.
हिंदा

क्लीव्हलँड
३१ मार्च

चि. हिंदास अ. उ. आ.

पत्र खिशात घालून चार दिवस हिंडलो. शुक्रवारी प्रार्थनेनंतर रब्बींपाशी जाऊन उभाही राहिलो. ते म्हणाले, बोला झेलिग. मी हवापाण्याचं बोललो आणि घरी आलो. विचारलं असतं, तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी अदार एकच आहे. लिपशुट्झना तारीख लवकर कळव. बस मला झेपणार नाही, तेव्हा माझी वाट पाहू नकोस. माणसं बाराच्या खाली जाऊ देऊ नकोस.

तुझं बरं चिंतणारा, तुझाच,
झेलिग