लांबवलेला पंचम

शनिवार, २ ऑगस्ट २०१४

छळ आहे नुसता! शेवटचा पंचम सोळा मात्रा सलग टिकायला हवा, तर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर त्याचे चार तुकडे करतं. पं–पं–पं–पं! कुणी दार ठोठावतंय जसं. खांदा मोडायच्या आधी हाच स्वर मी व्हायोलिनवर एका गजात काढला असता. आता गज पेलवत नाही, म्हणून हा माउस.

धून चेलोसाठी. नात ऋचा, वय तेरा, शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते. वाद्य शाळेतच असतं — सिंगापूरच्या बेडोक भागातल्या या फ्लॅटमध्ये ते धूड ठेवणार कुठे?

रविवार, ३ ऑगस्ट

चारी स्वरांवर मिळून एक कमान काढली. ठोके तसेच! ऋचा हसून हसून लोळली, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "आजोबा, दॅट वन स्लर लाह! टाय पाहिजे, टाय." स्लर वेगवेगळे स्वर जोडतो, टाय एकच स्वर लांबवतो; दोन्ही कमानी दिसायला सारख्याच, मी काय करू? तिने दोन-तीन बटणं दाबली. पंचम सलग!

मंगळवार, ५ ऑगस्ट

पियानोची साथ घातली. पेडल दाबायची खूण दिली, सोडायची विसरलो. सगळे स्वर एकमेकांत घुसले. लेक अदिती ऑफिसातून आली ती दारातूनच — "बाबा, वरात आलीय का?"

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पंचम टिकतो, पण फुगत नाही. हळूहळू वाढवायची खूण दिली, यंत्र ढिम्म! त्याला माणूसच हवा. ऋचाला म्हटलं, एकदा शाळेतून चेलो आणून वाजवून दाखव. "नंतर," म्हणाली. पण दप्तर टाकून रोज आधी माझ्याशेजारी बसते. गोड पोर.

मंगळवार, १२ ऑगस्ट

धून पूर्ण! छापून ऋचाच्या हातात दिली. "तुमच्या सरांना दाखव." कागद घेतला, जेवली नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

रडली. ऑर्केस्ट्रा जूनमध्येच सोडलाय. चेलोही तेव्हाच सुटला. अदितीला ठाऊक होतं. माझा उत्साह बघून दोघींनाही सांगवेना.

"मग रोज माझ्याशेजारी का बसायचीस?"

"मला आवडायचं, आजोबा."

रागवायला हवं होतं. नवीन पान उघडलं. वाद्य कुठलं टाकू? — विचारलं.

"व्हॉइस लाह," नाक पुसत म्हणाली. "मी गाते."