देवीचा चौक आणि शाळेचं पुस्तक

आये,

तुला विरारहून जोहार. पाड्यावर फोन लागत नाही म्हणून लिहिते; दादा वाचून दाखवील. मी बरी आहे. चंदनसारची खोली हवेशीर आहे, फक्त तुझ्या हातची नाचणीची भाकरी नाही.

शाळेसाठी आम्ही वारल्यांवरचं पुस्तक करतोय ना, त्यावरून काकी म्हणाली होती, पोरगी देव विकायला शहरात चालली. ते मनाला लावून घेऊ नकोस. तू सांगितलेल्या गोष्टी तुझ्याच नावाने छापतोय.

पुस्तक करणाऱ्या आमच्या गटात सगळ्यांना लग्नात भिंतीवर काढतात तो देवीचा चौक हवा होता. मी म्हटलं, तो लग्नाशिवाय काढत नाहीत. चित्रकार सर हिरमुसले. पण वसईजवळच्या सांडोरच्या आमच्या फिलोमिना मॅडम फटकन म्हणाल्या, "चर्चमधल्या आमच्या मिस्सातली पवित्र भाकर आम्ही नमुना म्हणून वाटतो का? तिला विचारलंय, तर तिचं ऐका."

मग ते पान कोरंच ठेवलं. खाली एवढंच लिहिलं, "हा चौक लग्नातच काढतात. बघायचा तर लग्नाला यावं लागतं."

काल ते पान वर्गात दाखवलं. ऋतिका नावाची मुलगी लगेच म्हणाली, "मग लग्न कधी आहे?"

"चैत्रात, माझ्या दादाचं," माझ्या तोंडून निघून गेलं. आता अख्खा वर्ग तयारीत आहे. एकीने तर आहेर काय आणू म्हणून विचारलं.

काकीचा गुडघा कसा आहे? तिला सांग, देव होते तिथेच आहेत, वऱ्हाडी तेवढे वाढलेत. मंडप मोठा घाला.

विरारात राहूनही पाड्याचीच,
तुझी रंजना