कानातला नंबर

अण्णा, आज दुपारपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. दुष्काळातली ती शिरूरची चारा छावणी सारखी डोळ्यांपुढे येते. तुम्ही दूध सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून छावणीचं रजिस्टरही तुमच्याकडेच. मी कॉलेजच्या सुट्टीत तुमच्या मदतीला बसले होते. एक बैल मेला, त्याची ओळ रिकामी दिसत होती. पान नीटनेटकं दिसावं म्हणून मी त्याचा नंबर नव्या आलेल्या म्हशीला देऊन टाकला.

तुम्ही पान बघता. चष्मा काढता. "कावून केलं हे?"

"रिकामं होतं म्हणून."

"रिकामं न्हाई ते. डॉक्टरनं बैलाला दिलेली औषधं त्याच्या वहीत ह्याच नंबरावर लिवलीत. उद्या वाचणारा म्हणंल, म्हशीलाच दिली. जनावर मेलं तरी नंबर त्याचाच ऱ्हातो, पोरी."

तुम्ही ओरडला नाहीत. मला भर उन्हात दावणीला पाठवलंत आणि प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला मोठ्यानं वाचायला लावलात. चारशेच्या वर जनावरं होती. त्या दिवशी मला तुमचा लई राग आला होता.

पुढे मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहू लागले. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आपल्याच जिल्ह्यातल्या एका दूध संघाचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक गाईची एक नोंद, तिला एक नंबर, आणि त्या नंबराला जोडलेले तिचे सगळे आजार, सगळी औषधं. गाईचा रंग, मालकाचा फोन बदलता यावा म्हणून ते रकाने मी उघडे ठेवले. नंबराचा रकानाही तसाच उघडा राहिला. सोबतच्या मुलीनं विचारलं होतं, "हा बंद करायचा ना?" मी म्हणाले, "नंबर कोण कशाला बदलेल?" मला घाई होती. छावणी तेव्हा आठवलीच नाही.

संघातल्या ऑपरेटर बाईंना यादीत मधले नंबर गळालेले बघवेनात. त्यांनी शेवटच्या गाईंना वरचे रिकामे नंबर दिले. त्यांतल्याच एका, पाटोद्याकडच्या विधवा बाईच्या गाईला एक इंजेक्शन सोसत नव्हतं. तशी नोंदवलेली सूचना जुन्या नंबरावरच राहिली. नव्या नंबराखाली पाटी कोरी. डॉक्टरांनी मोबाइलवर बघितलं, काही दिसलं नाही, त्यांनी तेच इंजेक्शन दिलं. गाय तासाभरात गेली. गाभण होती.

संघाच्या बैठकीत मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "वापरणाऱ्याची चूक आहे." ऑपरेटर बाई समोरच बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांना कामावरून काढलं.

मग मी सगळं बदललं. आता नोंद जन्मते तेव्हा प्रोग्रामच तिला ओळख देतो, आणि नंतर ती बदलायला कुठूनच वाट नाही. ऑपरेटरला नाही, संघाच्या अध्यक्षांना नाही, मलाही नाही. कानातला बिल्ला तुटतो, हरवतो, म्हणून त्याचा रकाना वेगळा ठेवला. बिल्ला बदलला तरी आधीचा पुसला जात नाही. गाय मेली तरी तिची ओळख दुसरीला मिळत नाही. दोन दिवसांचं काम होतं. आधी केलं असतं तर. हे मनात आलं की मी खुर्चीतून उठते, घरभर फिरते, पुन्हा बसते.

परवा त्या पाटोद्याच्या बाईंकडे जाऊन आले. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलते. त्यांनी कोरा चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "दूध न्हाई आता घरात." मग म्हणाल्या, "त्या हापिसातल्या बाईनं नंबर बदलला म्हणं. तिच्यामुळंच गेली ना वो माझी गाय?"

अण्णा, मी "हो" म्हणाले.